विचारा, तपासा, नोंदवा : इंग्लंडमधील औषधनिर्माण प्रशिक्षणाचे दिवस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्यासारख्या तरुण कार्यकर्तीला या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजते. ‘परदेशातील प्रशिक्षणाचे अनुभव सांगा,’ असे मला सुचविण्यात आले. परदेश म्हटले की बर्फ, भव्य इमारती आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या यांचे वर्णन अपेक्षित असते. ते आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज आपल्याला एका साध्या औषध दुकानाच्या लाकडी काउंटरमागे घेऊन जाणार आहे. तेथे मी वर्षभर उभी राहिले. महाविद्यालयात मी औषधे शिकले होते. औषध घेणारा माणूस मला त्या काउंटरवर भेटला.

प्रथम या शिक्षणाची वाट थोडक्यात सांगते, कारण पुढे जाऊ इच्छिणारे विद्यार्थी समोर बसले आहेत. आपल्याकडची बी. फार्म. पदवी आणि येथील नोंदणी असली, तरी ब्रिटनमध्ये थेट फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही. तेथील नियामक संस्था म्हणजे जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल. ही संस्था २०१० साली अस्तित्वात आली. तिने पात्रता मान्य केल्यावर परदेशी फार्मासिस्टसाठी असलेला एक वर्षाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम करावा लागे. तो मी २०१७ साली संडरलँड येथे केला. त्यानंतर ५२ आठवडे प्रत्यक्ष दुकानात किंवा रुग्णालयात प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणी परीक्षा. या प्रशिक्षणाला तेव्हा ‘प्री-रजिस्ट्रेशन’ म्हणत. २०२१ पासून त्याचे नाव ‘फाउंडेशन ट्रेनिंग’ झाले. माझ्या वेळी ७६ निकष होते आणि प्रत्येक निकष आपण पूर्ण केल्याचा लेखी पुरावा द्यावा लागे. १३व्या, २६व्या आणि ३९व्या आठवड्याला प्रशिक्षक आपल्यासमोर बसून आपले मूल्यमापन करीत. परीक्षेचा पहिला भाग केवळ गणिताचा, ४० प्रश्नांचा होता. दशांश चिन्ह एक घर सरकले तर बाळाला दहापट औषध जाते. म्हणून हा भाग स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावाच लागे. तीन प्रयत्नांत परीक्षा पार पडली नाही तर ती वाट बंद होते.

माझे प्रशिक्षण २०१८-१९ मध्ये लेस्टर शहरातील एका छोट्या दुकानात झाले. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा हजारो गुजराती कुटुंबे या शहरात येऊन स्थिरावली. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, मिठाईची आणि सोन्याची दुकाने ओळीने आहेत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे. तेथील प्रतिष्ठा १९८८ साली झाली. त्यामुळे माझ्या काउंटरवर सकाळपासून इंग्रज, सोमाली, पोलिश आणि गुजराती माणसे एकामागून एक येत.

भाषेची परीक्षा

आय. ई. एल. टी. एस. परीक्षेत ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही विभागांत ७ गुण मिळवून मी तेथे गेले होते. पहिल्याच आठवड्यात एका वृद्ध बाईंनी मला ‘मी डक’ अशी हाक मारली. त्या भागात ही मायेची हाक आहे, आपल्या ‘बाळा’सारखी, हे मला सहकाऱ्याने सांगितले. ‘माझ्या पाण्याच्या गोळ्या संपल्या,’ असे कोणी म्हणाले तर ते लघवीचे प्रमाण वाढवून शरीरातील साचलेले पाणी कमी करणाऱ्या फ्युरोसेमाइडबद्दल बोलत आहेत, हे ओळखावे लागे. कोणी गोळीचे नाव सांगत नसे, रंग सांगत. वॉरफरिनच्या बाबतीत तर रंगालाच अर्थ आहे. तेथे ०.५ मिलिग्रॅमची गोळी पांढरी, १ ची तपकिरी, ३ ची निळी आणि ५ ची गुलाबी असते. ‘दोन निळ्या आणि एक तपकिरी’ असे आजोबांनी म्हटले की मनात ७ मिलिग्रॅम हा हिशेब होऊन तो त्यांच्या पिवळ्या पुस्तिकेतील नोंदीशी ताडून पाहायचा.

पैशाची भाषाही शिकावी लागली. २०१८ साली इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ८.८० पौंड आकार होता. औषध महाग असो वा स्वस्त, आकार तोच. १६ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांना तो माफ होता. परंतु मधल्या वयाचा, बेताच्या मिळकतीचा माणूस चिठ्ठी पुढे करून हळूच विचारी, ‘या तिन्हींपैकी कोणते नाही घेतले तर चालेल?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते. माझे प्रशिक्षक अशा वेळी त्या व्यक्तीला बाजूच्या लहान खोलीत बसवून प्रत्येक औषध कशासाठी आहे ते समजावीत. चिठ्ठीवरचे एखादे औषध चिठ्ठीविना स्वस्त मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगत. वर्षाचे एकदम १०४ पौंड भरले की सर्व औषधे मिळतात, ही सोय दाखवून देत. यात दुकानाचा फायदा नव्हता. माणूस औषध न सोडता घरी जाई, हा लाभ होता.

विचारणे

इंग्लंडमध्ये १९९८ पासून पॅरासिटामॉलच्या विक्रीवर मर्यादा आहे. किराणा दुकानात १६ गोळ्यांचे पाकीट मिळते. औषध दुकानात साधारणपणे ३२ चे. कारण दुःखद आहे. घरात हाताशी असलेल्या गोळ्या निराशेच्या क्षणी एकदम घेतल्या जात आणि यकृत निकामी होऊन माणसे दगावत. पाकिटे लहान झाल्यावर अशा मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले. त्यामुळे कोणी दोन-तीन पाकिटे मागितली की आम्हाला शांतपणे विचारायचे असे : कोणासाठी? किती दिवसांपासून दुखते? आणखी कोणते औषध चालू आहे? पहिल्या दिवसांत मला हे प्रश्न अगोचरपणाचे वाटत. आपल्याकडे गिऱ्हाईकाला कारण विचारणे शिष्टाचारात बसत नाही. पुढे माझ्या लक्षात आले की बहुतेकांना कोणी विचारले याचे बरेच वाटते.

रोज सकाळी नऊच्या सुमारास मेथाडोन घेणारी माणसे येत. हेरॉइनचे व्यसन सोडविण्यासाठी दिले जाणारे हे हिरवट द्रव औषध फार्मासिस्टच्या समोर प्यावे लागते. कुलूपबंद कपाटातून काढायचे, मोजायचे, द्यायचे, नोंदवहीत शिल्लक लिहायची. ते प्यायल्यावर दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध गिळले गेल्याची खात्री होते. या माणसांकडे रस्त्यावर कोणी पाहत नसे. आमचे प्रशिक्षक मात्र प्रत्येकाला आडनावाने, आदराने हाक मारीत. एखादा सलग तीन दिवस आला नाही, तर चौथ्या दिवशी त्याला ठरलेली मात्रा द्यायची नाही, त्याच्या उपचार केंद्राला कळवायचे, असा नियम आहे. तेवढ्या दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते आणि जी मात्रा परवापर्यंत औषध होती तीच प्राणघातक होऊ शकते. नकार देण्यातही करुणा असू शकते, हे मी तेथे पाहिले.

आता आपल्या समाजाला जवळची असलेली एक गोष्ट सांगते. प्रशिक्षण सुरू होऊन महिना-दीड महिना झाला होता. पर्युषण पर्व जवळ आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बा नेहमीप्रमाणे मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आल्या. मला त्यांची गुजराती समजे, त्यांना माझी मोडकीतोडकी. बोलता बोलता मी विचारले, ‘बा, यंदा काय करणार?’ त्या उत्साहाने म्हणाल्या, ‘अठ्ठाई.’ म्हणजे आठ दिवसांचे उपवास. मी पुन्हा विचारले, ‘आणि गोळ्या?’ त्यांनी सहज सांगितले की गोळ्या नियमाने घेणार, सकाळी पाण्याबरोबर. डॉक्टरांना सांगितले का, यावर मात्र त्या गप्प झाल्या. डॉक्टर नको म्हणतील म्हणून त्यांनी सांगितलेच नव्हते.

त्यांच्या गोळ्यांत ग्लिक्लाझाइड होते. हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेते, मग पोटात अन्न असो वा नसो. अशा औषधाबरोबर निराहार उपवास म्हणजे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव. घाम सुटतो, हात कापतात, भान हरपते; एकटे राहणाऱ्या वृद्धेच्या बाबतीत पुढचे सांगायला नको. मी प्रशिक्षकांना बोलावले. त्यांनी बांची परवानगी घेऊन त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी बा आणि त्यांची सून डॉक्टरांना भेटल्या. आठ दिवसांचे उपवास प्रकृतीला झेपणारे नाहीत, असे डॉक्टरांनी समजावले. बांनी स्वतःच एकासणे करण्याचे ठरविले आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे गोळीची मात्रा व वेळ बदलून दिली. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर ताबडतोब साखर घ्यायची आणि व्रत तेथेच सोडायचे, हेही ठरले. पर्व निर्विघ्न पार पडले.

बांच्या श्रद्धेला कोणी हसले नाही, हे मला विशेष सांगावयाचे आहे. रमजानच्या महिन्यात मुस्लिम रुग्णांशीही अशीच आगाऊ चर्चा होई. व्रत करणाऱ्याने ते लपवू नये आणि औषध देणाऱ्याने विचारण्यास संकोचू नये, एवढे झाले तरी कित्येक अनर्थ टळतील. आपल्याकडे दशलक्षण पर्वात आणि पर्युषणात मधुमेहाचे, रक्तदाबाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण उपवास करतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : नियम घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना आणि औषध देणाऱ्याला तो सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि उपवासात आपल्या मनाने चालूही ठेवू नका.

चौविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. लेस्टरला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आसपास मावळतो, जूनमध्ये रात्री नऊनंतर. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्याने ‘रात्री झोपताना’ असे लिहिलेली गोळी कधी घ्यावी? कोलेस्टेरॉलसाठीचे सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायचे असते. ॲटोर्व्हास्टॅटिन दिवसात केव्हाही चालते. फार्मासिस्ट स्वतः औषध बदलू शकत नाही, पण अडचण डॉक्टरांना कळवून पर्याय सुचवू शकतो. कोणी विचारलेच नाही तर तो रुग्ण ती गोळी महिनोन्महिने घरात तशीच ठेवून देतो.

कॅप्सूलबद्दलही नेहमी विचारणा होई. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे म्हणजे प्राणिज असते. हा प्रश्न जैनांइतकाच हिंदू, मुस्लिम आणि कट्टर शाकाहारी इंग्रज तरुणही विचारीत. आम्ही औषधाच्या माहितीपत्रकातील घटकांची यादी पाहायचो. त्याच औषधाची गोळी किंवा द्रवरूप मिळते का, वनस्पतिजन्य हायप्रोमेलोजची कॅप्सूल आहे का, हे शोधायचो. यादीतला मॅग्नेशियम स्टिअरेट प्राणिज की वनस्पतिज हे नुसत्या नावावरून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाला विचारावे लागे. काही वेळा सोपा पर्याय नसतो. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. अशा वेळी सत्य सांगायचे, औषध न घेण्याचा धोकाही सांगायचा, डॉक्टरांशी बोलायला लावायचे आणि निर्णय रुग्णावर सोडायचा, ही शिकवण होती.

तपासणे आणि नोंदविणे

तेथे प्रत्येक औषधाच्या लेबलवर दोन छोट्या चौकटी असतात. एकीत औषध काढणाऱ्याची आद्याक्षरे, दुसरीत तपासणाऱ्याची. आपण काढलेले औषध शक्यतो आपण तपासायचे नाही, कारण डोळ्याला जे अपेक्षित असते तेच दिसते. ॲम्लोडिपिन आणि ॲमिट्रिप्टिलिन ही नावे घाईत सारखी दिसतात. एक रक्तदाबाचे, दुसरे नैराश्याचे आणि मज्जातंतूंच्या वेदनेचे. म्हणून ती मुद्दाम वेगळ्या फळ्यांवर ठेवलेली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. ते देताना रुग्णाला वार विचारायचा आणि तो त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, असा आमच्या दुकानाचा नियम होता.

पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी मला एक वही दाखविली. रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडलेल्या चुका त्या वहीत लिहिल्या जात : काय झाले, किती वाजता, त्या वेळी कोणती गडबड होती. त्या पानावरची शेवटची नोंद खुद्द प्रशिक्षकांच्या नावाची होती. तीस वर्षे काम केलेला माणूस आपली चूक आपल्या अक्षरात लिहितो आणि नवख्या विद्यार्थिनीला ती पहिल्या दिवशी दाखवितो, हे माझ्यासाठी नवीन होते. महिनाअखेरीस सगळे मिळून ती वही वाचत. जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात नोंदी अधिक असल्याचे आढळले, तेव्हा सुट्टीची वेळ बदलण्यात आली. कोणाला बोल लावला गेला नाही.

या वहीमागे मोठा इतिहास आहे. २००७ साली इंग्लंडमधील एका दुकानात प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलॉल दिले गेले. पुढे त्या रुग्णाचा मृत्यू झाला आणि फार्मासिस्टवर फौजदारी खटला चालला. त्यानंतर या व्यवसायात भीती पसरली. भ्यालेला माणूस चूक लपवितो आणि लपविलेली चूक पुन्हा घडते. दीर्घ चर्चेनंतर एप्रिल २०१८ मध्ये कायदा बदलला. नोंदणीकृत दुकानात अनवधानाने झालेली चूक लक्षात येताच रुग्णाला कळविली असेल, तर फार्मासिस्टला फौजदारी कारवाईपासून बचाव मिळू लागला. आपल्या परंपरेत प्रतिक्रमण आणि आलोचना यांना जे स्थान आहे, त्याचे व्यवसायातील रूप मला त्या वहीत दिसले.

आपल्याकडे काय करता येईल

तिकडचे सारे उत्तम आणि इकडचे सारे वाईट, असे मी म्हणणार नाही. तेथेही डॉक्टरांची वेळ मिळायला दिवस लागतात, गर्दीच्या वेळी समजावणे दोन वाक्यांवर येते. आपल्याकडचा जुना दुकानदार तीन पिढ्यांची दुखणी ओळखतो, ही मोठी संपत्ती आहे. आपला फार्मसी कायदाही १९४८ चा, म्हणजे जवळजवळ स्वातंत्र्याइतकाच जुना आहे आणि चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे त्यात सांगितलेले आहे. कागदावर जे आहे ते काउंटरवर आणायचे, एवढेच काम उरले आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. कात्रीने पट्टी कापून देताना औषधाचे नाव आणि मुदत असलेला भाग रुग्णाकडे जाईल असे पाहावे. पाकिटावर ‘दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर’ हे मराठीत लिहावे. मागील चिठ्ठी दाखवून प्रतिजैविक मागणाऱ्याला आधी विचारावे. आणि औषधाने काही विपरीत झाले तर ते कळवावे. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर ब्रिटनने १९६४ साली ‘यलो कार्ड’ योजना सुरू केली. आपल्या देशातही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात रुग्ण स्वतःही कळवू शकतो. २०२२ साली मी परत आले आणि आता औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांना शिकविते. माझ्या प्रत्येक वर्गात एक कोरी वही असते. प्रात्यक्षिकातील चूक मुले त्यात लिहितात. त्या वहीला गुण नाहीत आणि शिक्षाही नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींना शेवटी एवढेच सांगते. नियम बदलत असतात, म्हणून दलालावर विसंबू नका; नियामक संस्थेची माहिती स्वतः वाचा. खर्चाचा हिशेब घरच्यांसमोर बसून मांडा, कारण शुल्काखेरीज घरभाडे आणि थंडीचे महिने असतात. स्वयंपाक शिकून जा. आणि गणित पक्के करा!

विचारा, तपासा, नोंदवा, हे तीन शब्द मी त्या काउंटरवरून घेऊन आले. ते परदेशी नाहीत. कोणाच्याही जिवाला आपल्या हातून इजा पोहोचू नये, यासाठी रोज जागरूक राहण्याची ती रीत आहे आणि ती आपल्या गावातील दुकानात, आपल्या घरातील औषधांच्या डब्यापाशीही पाळता येते.